गावकीच्या बसची जादा गाळणी

आंबेखोल ग्रामस्थ मंडळ, मुंबई, या संस्थेच्या वार्षिक सभेत तोंड उघडून कुणाचं भलं झाल्याची नोंद नाही. हेमचंद्र चिंदरकरांना हे चांगलं ठाऊक होतं. एकतीस वर्षं ते लालबागच्या गावकीच्या खोलीत, खिडकीखाली, भिंतीला पाठ लावून सभेला बसत आले होते आणि एकतीस वर्षं त्यांनी फक्त वडा खायला तोंड उघडलं होतं. तरीही यंदा त्यांचा हात वर गेला. वर गेलेल्या हाताकडे त्यांनी स्वतःच जरा आश्चर्यानं पाहिलं, शेजारच्या कुणाचा तर नाही ना, अशा नजरेनं.

विषय बसचा होता. गणपती, शिमगा आणि जत्रा अशा तीन खेपांना गावी जायला गावकीनं नऊ वर्षांपूर्वी एक डिझेलची जुनी बस घेतली होती. एरवी ती परळला एका बंद गिरणीच्या भिंतीलगत उभी राहून पिंपळाची पानं गोळा करी.

"गेल्या गणपतीला बस किती वेळा बंद पडली?" सेक्रेटरी वैभवनं लॅपटॉपवरून मान वर न करता विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं. "चार. पेण, माणगाव, लांजा आणि कशेडीचा बोगदा. बोगद्यात, काका! चाळीस माणसं."

"बोगद्यात बरा वाटला पण," मागून कुशाबा म्हणाले. "वर ऊन नाय, पावस नाय."

कुशाबा मंडळातले सर्वांत वडीलधारे. वय पंच्याऐंशीच्या पुढे. पुढे किती, ते त्यांनाही सांगता येत नसे. त्यांच्या बोलण्याला सभेत कुणी विरोध करत नसे आणि कुणी ते लिहूनही घेत नसे.

"आता निम्म्यांकडे स्वतःच्या गाड्या आहेत," वैभव म्हणाला. "माझं म्हणणं, यंदाची शेवटची संधी. जाताना वाटेत एकदा जरी बंद पडली, तरी परत आल्यावर भंगारात. मंजूर?"

या 'मंजूर'ला हेमचंद्रांचा हात वर गेला होता, आणि सगळ्यांना वाटलं, मंजूर म्हणून गेला.

"नाही, म्हणजे," हेमचंद्र म्हणाले, "डिझेलला एक जादा फिल्टर बसवता येतो म्हणे. मूळच्या फिल्टरच्या आधी. घाण, पाणी, सगळं तिथंच अडतं. मी मोबाइलवर बघितलंय."

खोलीत शांतता पसरली. गावकीत एखादं काम कुणाला तरी सापडलं की अशीच शांतता पसरते. पाचव्या मिनिटाला 'जादा फिल्टर उपसमिती' स्थापन झाली. अध्यक्ष, श्री. हेमचंद्र चिंदरकर. सभासदांची नावं विचारली तेव्हा प्रत्येकजण आपली चप्पल दारात नीट आहे का ते बघायला लागला.

आता या माणसाला एवढी बसची काळजी का, तर सांगते. हेमचंद्रांचं लग्नाचं राहून गेलं. हिंदमाताच्या एका साड्यांच्या दुकानात त्यांनी तेहतीस वर्षं काढली. सकाळी दहापासून कानावर बायकांचे आवाज. "हा नको, तो दाखवा." "तो नको, वरचा दाखवा." "राहू द्या, पुढल्या वेळी बघू." शंभरजणी यायच्या आणि त्यातल्या नव्वदजणी साड्या उलगडायला लावून निघून जायच्या, आणि हेमचंद्रांना ती शिक्षा वाटायची. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्यांच्या लक्षात आलं की आता काही दाखवा असं त्यांना कुणीही म्हणणार नाही. त्याच सुमारास चाळीचा टॉवर झाला. चाळीत दार उघडं टाकून झोपायची सवय. चौदाव्या मजल्यावरच्या दाराला मात्र अशी स्प्रिंग होती, की ते आपलं आपणच लागे. तेव्हा गावकीची बस म्हणजे काय, तर जाताना अकरा तास आणि येताना अकरा तास. इंजिनाशेजारच्या आडव्या बाकावर बसायचं, आणि मागून कुणी ना कुणी हाक मारायची. हेमू, पाणी दे. हेमूकाका, पिशवी धरा. हेमू, पुढं खंय इलो बघ. तेवढ्या बेगमीवर ते वर्ष काढत.

उपसमितीची पहिली बैठक हेमचंद्रांनी आपल्या स्वयंपाकघरात घेतली. वहीत लिहिलं, 'उपस्थिती: एक. गैरहजर: कुणी नाही.' मग अध्यक्षांनी सूचना मांडली. अनुमोदनाला कुणी नसल्यामुळे ती चहा होईपर्यंत तहकूब ठेवण्यात आली.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. टॉवरमध्ये माणूस भेटतो तो लिफ्टमध्येच, त्यामुळे तिथला सल्ला हा सांगणाऱ्याच्या मजल्याइतका लांब असतो. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी "डिझेलमध्ये मुळात" एवढंच सांगितलं आणि उतरले. आठव्या मजल्याच्या बाई म्हणाल्या, "आमच्या मिस्टरांनी गाडीला बसवला होता, आणि मग काय झालं माहितीये का," आणि दार उघडलं. काय झालं हे कळावं म्हणून हेमचंद्र दोन दिवस त्याच वेळेला लिफ्टपाशी रेंगाळले. बाई भेटल्या नाहीत. भेटल्या असत्या तरी फिल्टरचं काय झालं हा भाग तेवढा महत्त्वाचा नव्हता.

अखेर त्यांनी स्वतःच्या अकलेवर विसंबायचं ठरवलं, आणि इथं घात झाला. गाळणं म्हणजे कापड, आणि कापडातलं आपल्याइतकं कुणाला कळतं? हेमचंद्रांनी ऐंशी काउंटचं दीड मीटर मलमल आणलं, दुपदरी घडी घातली, आणि ड्रायव्हर अभयला घेऊन बस पंपावर नेली. टाकीच्या तोंडावर कापड ताणून धरलं.

"अंकल, ये क्या है?" पंपवाल्यानं विचारलं.

"कपडा. छानने के लिए."

"हमारा डीज़ल छानोगे?" पंपवाला असा दुखावला की त्यानं नळीचं तोंड कापडासकट आत खुपसलं आणि चाप ओढला. मागं रिक्षा, टेम्पो, एक लग्नाची गाडी, सगळे हॉर्न देत होते. हेमचंद्रांच्या बोटांतून मलमल सरकलं. पांढरं टोक क्षणभर टाकीच्या तोंडाशी दिसलं, घाटावरून कुणी हात हलवावा तसं, आणि आत गेलं.

"गेलं," अभय म्हणाला. त्याला कमी बोलायची सवय होती.

अशा रीतीनं बस रे रोडला गौतमकडे पोचली. गौतम वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेला, चाळिशीचा मेकॅनिक. लाकडाच्या वखारींच्या मागं त्याचं गॅरेज. इंजिनाचा आवाज ऐकून तो मालकाचं दुखणंसुद्धा सांगतो अशी त्याची ख्याती.

"काका, टाकीत काय गेलं म्हणालात?"

"मलमल."

"म्हणजे साडी?"

"साडी नव्हे. ऐंशी काउंटचं मलमल. साडीला जे आपण वापरतो ते..."

"काका, मला नेसायची नाय. काढायचीय."

सगळं गॅरेज हसलं. तेहतीस वर्षांत हेमचंद्रांना इतकं तोडून कुणी बोललं नव्हतं. गिऱ्हाईकसुद्धा निदान "जरा" म्हणायचं. ते फुटक्या टायरवर ताठ बसून राहिले. गौतमनं टाकी उतरवली, तारेचा आकडा घालून मलमल ओढून काढलं. ते आता काळं आणि बुळबुळीत झालं होतं. त्याच्याबरोबर वाटीभर गढूळ पाणी आलं, आणि काही पांढरे, बोटभर तुकडे.

गौतमनं एक तुकडा नखानं दाबला. वास घेतला. पुन्हा घेतला.

"काका, डिझेलमध्ये पाणी मी पाह्यलंय. गंज पाह्यलाय. एकदा उंदीर पाह्यलाय. खोबरं पहिल्यांदा बघतोय."

"खोबरं?"

"आंबलेलं. तुमच्या बसमध्ये सोलकढी करतात काय?"

हेमचंद्रांनी पंपवाल्यावर संशय व्यक्त केला. गौतमनं खांदे उडवले. टाकी धुऊन बसवली, आणि टाकीतून इंजिनाकडं जाणाऱ्या नळीत जादा फिल्टर बसवला. फिल्टरच्या खाली काचेची वाटी. डिझेलमधलं पाणी जड, ते वाटीत बसतं; वाटीच्या तळाला एक नळ, तो सोडला की पाणी बाहेर. फिल्टरच्या डोक्यावर हातानं दाबायचा छोटा पंप. हेमचंद्रांना ती वाटी इतकी आवडली की ते उकिडवे बसून बराच वेळ नुसते बघत राहिले. तळाशी सोनेरी डिझेल स्वच्छ दिसत होतं. एखादी चांगली टसर उलगडल्यावर दिसते तसं.

त्यानंतरचे दहा दिवस वाटीचे नव्हते, कागदाचे होते. बसचं पासिंग जवळ आलेलं. आरटीओच्या मैदानावर इन्स्पेक्टर साहेबांनी खाली वाकून विचारलं, "ही बाटली कसली? कंपनीच्या चित्रात दिसत नाही."

"जादा आहे साहेब."

"जादाचं पत्र आणा. मंडळाच्या कागदावर. शिक्क्यासकट."

कागद हेमचंद्रांकडं होता. शिक्का वैभवच्या गाडीत होता. गाडी वैभवसकट गोव्यात होती. वैभव आला तेव्हा त्यानं पत्रासाठी उपसमितीच्या ठरावाची प्रत मागितली, आणि ठरावाला अनुमोदक कोण हे विचारलं. हेमचंद्रांनी वही उघडून 'चहा होईपर्यंत तहकूब' हे दाखवलं. शेवटी अभयनं अनुमोदक म्हणून सही केली. एवढं सगळं घेऊन गेल्यावर साहेबांनी पत्र वाचलंच नाही. "बाटली गळत नाही ना?" एवढं विचारलं आणि पास केलं. हेमचंद्र पत्राची घडी पुढं करून उभेच राहिले.

पास झालेली बस त्याच दुपारी बंद पडली. आणि कुठं, तर हिंदमाताला, बरोबर त्यांच्या जुन्या दुकानासमोर. भर सणाची गर्दी. दुकानातले सगळे पायरीवर आले. हेमचंद्रांच्या जागी आलेला हितेंद्र हात उंचावून ओरडला, "हेमूशेठ! साड्या न्यायला अख्खी बस आणली?" पायरीवरच्या बायका हसल्या. हेमचंद्र खिडकीतून नमस्कार करत राहिले. दुसरं काय करणार? एकही जण मात्र वर चढून "चला, चहा घेऊ" म्हणाला नाही. गिऱ्हाईक आलं तसे सगळे आत गेले.

गौतम स्कूटरवरून आला. "हवा धरलीय," म्हणाला. "काका, जादा फिल्टर म्हणजे जादा जोड. जोड सैल झाला की नळी डिझेलच्या जागी हवा ओढते." त्यानं पाना फिरवला, वरचा पंप तीसेक वेळा दाबला, आणि इंजिन धडधडलं. "आता बघा, नाव नाय घेणार. फक्त वाटीत पाणी साठू द्यायचं नाय."

निघायचा दिवस उजाडला. कुशाबांना घाट उजेडात लागतो, म्हणून बस सकाळी सहाची. गिरणीच्या भिंतीपाशी चाळीस माणसं, ऐंशी पिशव्या आणि एक पाट. वैभव स्वतःची गाडी सोडून मुद्दाम बसमध्ये आला होता, मोबाइलमध्ये वेळ लावून. कुशाबांनी नारळ फोडला, पाणी तांब्यात धरलं आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां गावाक चाललीसत. तेंका वाटेत खंय अडकवू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दुसऱ्या क्षणी सगळी गावकी खिडकीच्या जागेसाठी बसच्या दारात शिरली. हेमचंद्र शेवटचं एकदा वाटी बघावी म्हणून पलीकडच्या अंगाला गेले. तिथं कुशाबा उभे होते. टाकीचं झाकण उघडं होतं. तांब्या तिरपा होता.

"तात्या! हे काय करताय?"

"पाजतंय," कुशाबा शांतपणे म्हणाले.

"कोणाला?"

"गाडीक. माझो बापूस बैलगाडी हाकी. खंय जावचा झाला तर आधी बैलांका पाणी, मगे माणसांका च्या. तेचे बैल कधी वाटेत बसले नाय. ही गाडी घेतली तेव्हापासून दर खेपेक मी पाजतंय. येक खेप चुकवलंय नाय."

नऊ वर्षं. वर्षाला तीन खेपा. जाताना एक आणि येताना एक. हेमचंद्रांच्या डोळ्यांपुढं चोपन्न नारळ रांगेनं उभे राहिले.

"कुणाला माहीत आहे हे?"

"सांगूचा काय तेच्यात?" कुशाबांनी तांब्या झटकला, खोबऱ्याचा शेवटचा कपटा आत पडला. मग झाकण लावता लावता, झाकणाशीच बोलल्यासारखं म्हणाले, "डोंबिवलेक झिलाकडे आसंय. थंय माका कोण कायव करूक देणत नाय. भाजी आणलंय तर म्हणतत, बाबा, कशाक गेलात. ह्या येक काम माझ्याकडे रवला हा."

"हेमूकाका!" वैभवचा आवाज आला. तो खिडकीतून डोकावत होता. "काय चाललंय मागं? काही प्रॉब्लेम?"

आता नुसतं बोट दाखवायचा अवकाश होता. बस निर्दोष सुटली असती. चार वेळा का बंद पडली ते कळलं असतं, उपसमितीच्या अध्यक्षांचा सत्कारही झाला असता. हेमचंद्रांनी कुशाबांच्या हातातला तांब्या घेतला.

"झाकण सैल होतं," ते म्हणाले. "लावलं."

बस सुटल्यावर त्यांनी तोंडावर रुमाल धरून गौतमला फोन केला. "खोबऱ्याचं कळलं रे."

"देवाचं असेल तर मला सांगू नका," गौतम म्हणाला. "मी त्यात बोलणार नाय. किती गेलंय ते सांगा."

"तांब्याभर."

"बोंबला. टाकी आता खाली होणार नाय, चाळीस माणसं बसलीत. ऐका. दर तासाला उतरायचं, वाटीचा नळ सोडायचा, पाणी काढायचं. मग वरचा पंप तीस वेळा मारायचा, नायतर हवा धरेल. तास चुकवू नका काका. वाटी भरली की पाणी सरळ इंजिनात."

दर तासाला बस थांबवायची तर कारण हवं. पनवेल मागं पडलं तसे हेमचंद्र कारणं चाचपू लागले. टायर? वैभव लगेच लिहून घेईल. देवदर्शन? दर तासाला कुठला देव? शेवटी त्यांनी अभयच्या खांद्याला हात लावला, आणि तेहतीस वर्षं बायकांशी अदबीनं बोललेल्या त्या गृहस्थानं भर बसमध्ये करंगळी वर केली.

पहिल्यांदा कुणाला काही वाटलं नाही. दुसऱ्या तासाला मागच्या बाकांवर कुजबुज झाली. तिसऱ्या तासाला हेमचंद्र परतले तेव्हा ते धापा टाकत होते, कपाळाला घाम होता आणि हात काळे. बस त्यांच्याकडं अपार करुणेनं बघत होती.

"हेमू, इकडे ये," लक्ष्मीकाकी म्हणाल्या. काकींना सत्तरी ओलांडलेली, आवाज मात्र मासळीबाजाराच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. "कधीपासून आहे हे?"

"काय, काकी?"

"लाजतोस काय? आमच्या ह्यांना होतं तेच. होतं पण होत नाही. नारळपाणी घेत जा. भरपूर."

नारळपाणी या शब्दावर हेमचंद्रांना ठसका लागला. तोही लक्षणांत धरला गेला. कुणी धने-जिऱ्याचं पाणी सांगितलं, कुणी गोखरूचा काढा. एकानं आपल्या मेव्हण्याचं ऑपरेशन माणगावपासून महाडपर्यंत सांगितलं, कुठला मजला मधे येणार नव्हता. खिडकीची जागा त्यांना मिळाली. पाठीला उशी आली. साबणाची वडी आली. आपण खोटे आहोत या विचारानं हेमचंद्रांचे कान तापले होते, आणि त्याच वेळी त्यांना इतकं बरं वाटत होतं की ते का, हे स्वतःला विचारायचं त्यांनी टाळलं.

महाडला मागच्या बाकावरची प्राची म्हणाली, "काका, हिला घ्याल जरा? माझा हात मेलाय." प्राचीची मुलगी सात महिन्यांची. हेमचंद्रांनी तिला एखादी भारी पैठणी घ्यावी तसं दोन्ही तळहातांवर घेतलं. ती हुंकारली, त्यांच्या काळ्या तर्जनीभोवती मूठ आवळली आणि झोपली. झोपलेलं मूल किती गरम आणि किती जड असतं, हे त्यांना एकसष्टाव्या वर्षी कळत होतं. तिच्या टाळूला तेलाचा आणि दुधाचा वास होता. घड्याळ नेमकं तिच्या मानेखालच्या हातात होतं. मनगट वळवलं तर ती उठेल. तास झाला असेल. नसेलही. आणखी पाच मिनिटं, असं त्यांनी ठरवलं, आणि ती संपल्यावर पुन्हा ठरवलं.

कशेडीच्या बोगद्यात बसनं पहिला गचका दिला.

दुसरा गचका. मागं वैभव सावरून बसला आणि मोबाइल हातात घेतला.

"अभय," हेमचंद्र कुजबुजले, "थांबव."

"बोगद्यात? बोगदा संपू दे, काका."

तिसरा गचका, चौथा. हेमचंद्रांनी मुठीतून बोट सोडवलं. मुलगी दचकून उठली आणि तिनं भोकाड पसरलं. तिला प्राचीकडं देत हेमचंद्र उभे राहिले आणि आयुष्यात प्रथमच चाळीस माणसांसमोर ओरडले, "थांबव रे! धीर निघत नाही!"

बोगद्याचं तोंड आलं. अभयनं बस कडेला घेतली, ब्रेक मारला, आणि त्याच क्षणी इंजिन खोकून गप्प झालं. हेमचंद्र उडी मारून मागं पळाले.

"बंद पडली!" वैभव उठला. "सगळ्यांनी बघितलं. अकरा वाजून बावीस मिनिटं. ठरावाप्रमाणं..."

"कोण म्हणतं बंद पडली?" लक्ष्मीकाकी उभ्या राहिल्या. "हेमूनं थांबवली."

"काकी, इंजिन आधी गेलं!"

"आधी हेम्या वराडलो," कुशाबा डोळे मिटूनच म्हणाले, "मगे ब्रेक, मगे इंजिन. माझे कान शाबूत आसत."

"माणूस तिथं तळमळतोय," लक्ष्मीकाकींचा आवाज चढला, "आणि तुला इंजिनाचं पडलंय? उद्या तुझ्यावर वेळ आली म्हणजे?"

वैभवनं खात्री करायला मागच्या खिडकीतून मान बाहेर काढली. चाकाशेजारी हेमचंद्र पाठमोरे उकिडवे बसलेले, खांदे हलतायत, कण्हण्याचा आवाज येतोय. वैभव सभ्य घरातला मुलगा. त्यानं झटकन मान आत घेतली आणि पुन्हा काढली नाही.

खाली हेमचंद्रांनी नळ सोडला होता. वाटीतून आंबूस पाणी रस्त्यावर ओघळत होतं. मग पंप. दहा, वीस, तीस. हात भरून आले. चाळीस. डोळ्यांत पाणी आलं, ते घामाचं असं त्यांनी ठरवलं. पन्नासाव्या दाबाला पंप घट्ट लागला. "मार!" ते ओरडले. अभयनं किल्ली फिरवली, इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं.

ते वर चढले तेव्हा मतदान आटोपलं होतं. 'थांबली' सदतीस, 'बंद पडली' एक. प्राचीची मुलगी तटस्थ.

संध्याकाळी आंबेखोलच्या देवळापाशी बस उभी राहिली. कुशाबा उतरले आणि तिच्या पत्र्यावर थाप मारून म्हणाले, "बघितलंस हेम्या? गाऱ्हाणा पावला. येताना दोन नारळ पाजूया."

हेमचंद्रांनी वाटेतले शेवटचे तीन तास याच क्षणाची तयारी केली होती. "तात्या," ते म्हणाले, "एक विचारू? तुमचे वडील बैलांना पाणी कुठून पाजायचे?"

"खंयसून म्हणजे? तोंडाकडसून."

"मग गाडीला तुम्ही मागून पाजताय." हेमचंद्रांनी त्यांना हाताला धरून पुढं नेलं, रेडिएटरचं झाकण दाखवलं. "तोंड हे. पाणी हिला इथूनच लागतं. कुणालाही विचारा."

कुशाबांनी त्या झाकणावरून बोटं फिरवली. "नऊ वर्सां," ते म्हणाले, "आणि येका मेल्यान सांगूक नाय." हेमचंद्रांनी हे गौतमला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "रेडिएटरला? चालवून घेऊ काका. दर खेपेला धुवून देतो."

येताना बस कुठंही बंद पडली नाही. हेमचंद्रांनाही उतरावं लागलं नाही, आणि औषध लागू पडलं म्हणून तीन वेगवेगळ्या माणसांनी त्याचं श्रेय घेतलं. वैभवनं मिनिट्समध्ये लिहिलं, 'बस तूर्त ठेवण्यात येत आहे. उपसमितीचं काम संपलं, सबब ती बरखास्त.'

रविवारी सकाळी चौदाव्या मजल्यावर फोन वाजला.

"हेमू, मी लक्ष्मीकाकी. कसं आहे आता?"

खरं सांगून टाकायला हरकत नव्हती. कुशाबांचं नाव न घेताही सांगता आलं असतं. "बरं आहे काकी," हेमचंद्र म्हणाले. "अगदी बरं आहे."

"बरं झालं बाई. मग ठेवते मी, कुकर लावलाय."

"तसं म्हणजे," हेमचंद्र घाईनं म्हणाले, "अगदीच बरं नाही. अधूनमधून असतं."

"बघ! मला वाटलंच होतं. थांब हं, ठेवू नको. गॅस बारीक करून येते, मग पहिल्यापासून नीट सांग."

फोन पलीकडच्या ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. सपाता दूर गेल्या. कुणीतरी भांडं हलवलं, कुणीतरी "कोणाचा फोन?" विचारलं, आणि काकी म्हणाल्या, "आपल्या हेमूचा." हेमचंद्रांनी खुर्ची ओढली, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि पाय लांब करून बसले.